विपत जातीच्या दोन कुत्र्या

१९ नोव्हेंबर २००५. चक्की सुरू करायच्या आधी मधल्या खोलीतला कापूस पलटवायला घेतला. त्या वर्षी भाव नव्हता, म्हणून घाटंजीतल्या कितीतरी घरांत कापूस खोलीत होता आणि माणसं ओसरीत झोपत होती. आमचा ढीग माझ्या खांद्याला लागत होता. ओल राहिली असेल तर कापूस तळातून तापतो आणि पिवळा पडतो, म्हणून दर तीन-चार दिवसांनी खालचा वर करावा लागे. तोंडाला फडकं बांधायचं आणि खाज सुटायच्या आत काम उरकायचं.

त्याआधी कुत्र्यांना उठवावं लागे. दोघी त्या ढिगातच झोपत. पायाने खड्डा करायचा, गोल गोल फिरायचं आणि आत असं शिरायचं की वर फक्त दोन काळी नाकं दिसतील. मी हाक मारली तशी धाकटी उडी मारून बाहेर आली, अंगभर कापूस चिकटलेला. मोठीने मान वर केली आणि परत ठेवून दिली. मी तिला दोन्ही हातांनी बाहेर काढलं. चार पावलं चालली आणि थांबली. तोंड उघडं, बरगड्या वरखाली. सशामागे अख्खं वावर पळून आल्यावर धापायची तशी धापत होती, आणि ती तर रात्रभर झोपलेली होती.

मी फडकं सोडलं. त्या दिवशी कापूस तसाच राहिला.

या कुत्र्या माझ्या भावाने आणल्या. तो वणीला ट्रक चालवतो. तिथल्या कोळसा खाणीतल्या एका साहेबाची बदली झाली, नवं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणून साहेबाने दोन पिल्लं याच्या केबिनमध्ये ठेवून दिली. भावाने ती माझ्या चक्कीच्या ओट्यावर सोडली आणि म्हणाला, ‘व्हिपेट हाय. इंग्रजी जात. घरात राह्यते.’ मला कुत्रं नको होतं. पिठाच्या घरात कुत्रं कोणाला हवं असतं? मी म्हटलं, आठ दिवस ठेवते. त्याला आता चार वर्षं झाली होती.

व्हिपेट हा शब्द गल्लीत टिकला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याचं विपत झालं. चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या बायांना त्याचं फार सुख होतं.

‘नावच विपत ठेवलं, तं अंगावर मांस कुठून येईन वो बाई?’

‘जातच तशी हाय,’ मी सांगायची. ‘पोट वर ओढलेलं, बरगड्या दिसलेल्या. तशाच असतात ह्या.’

‘जात तं माही बी बारीकच होती,’ दुसरी म्हणायची. ‘लग्न झाल्यावर कुठं गेली ते पाय.’

दोघी भुंकत नसत. अनोळखी माणूस आलं तर उठून त्याच्या मांडीला टेकून उभ्या राहत, म्हणजे राखणीला काही उपयोग नाही. चक्कीचा पट्टा फिरायला लागला की मागच्या खोलीत पळत. थंडी अजिबात सोसत नसे. जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून मी त्यांना अंगरखे शिवले, तेव्हा अर्धी गल्ली बघायला आली होती. संध्याकाळी पाच वाजता पट्टा उतरवला की मी दोघींना वावरात नेई आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून सोडून देई. त्या पळायला लागल्या की चारही पाय एकदम जमिनीवरून सुटत, आणि कपाशीच्या, आमच्या पऱ्हाटीच्या, तासांमधून दोन भुरकट रेघा जाऊन परत येत. एवढंच. त्या अर्ध्या तासासाठी मी दुपारपासून घड्याळ बघत असे, हे घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या वर्षांत आमच्या भागात शेतकरी जीव देत होते, म्हणून कोणी वाळलं किंवा गप्प झालं की शेजारी काहीतरी निमित्त काढून येऊन जात. विरजण मागायला, आगपेटी मागायला. यायचं, दोन मिनिटं बसायचं, घरातल्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं आणि जायचं. कोणी ठरवून दिलं नव्हतं, पण सगळेच करत. मीही केलं आहे. त्या पावसाळ्यात माझा नवरा फार बोलत नव्हता. पऱ्हाटीवर लाल्या रोग आला होता, पोळ्याच्या आधीच बैलजोडी विकावी लागली होती. त्याला तोंडावर कोण विचारणार? बाया कुत्र्यांकडे बघत आणि मला विचारत, ‘घरी सगळं बराबर हाय ना वो?’

आमच्या भिंतीला भिंत लागून खालाचं घर. सगळी गल्ली तिला खालाच म्हणे, म्हणजे मावशी. मुलगा रस्त्यावर मोटारसायकली दुरुस्त करतो, आणि तिच्याकडे एक म्हैस, चार बकऱ्या. सत्तरीची असेल. कुत्र्याला ती शिवत नसे, नमाजाचे कपडे बदलावे लागतात. पण मोठी तिच्या गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली की भिंतीवरून ऐकू येई:

‘दूर, दूर. कपडे को नको लागू. देती ना रानी, देती. सबर कर.’

मग लोखंडी टोपलं हात लांब करून वरून ओतल्याचा आवाज. एकदा मोठीने तिचा हात चाटला. खाला हात धुवायला गेली, बराच वेळ धूत होती, आणि परत येऊन उरलेलं खाणंही तिलाच ओतलं.

पोळ्यापासून हे रोजचं झालं. मोठी माझ्या घरची दूध-भाकर अर्धी टाकून जाऊ लागली. मला वाटलं, खाला शिळी रोटी देत असेल, रस्सा देत असेल. मी हटकलं नाही. चक्की, वावर आणि गप्प बसलेला नवरा, यात एका कुत्रीचं पोट परस्पर भरत होतं तर बरंच होतं. धाकटी घाबरट, ती एकटी उंबरा ओलांडत नसे.

दिवाळीपर्यंत मोठीचं पोट दिसायला लागलं. इतकी वर्षं वर ओढलेलं ते पोट गोल झालं. चक्कीवर सगळ्यांना आनंद झाला.

‘आता कशी खात्यापित्या घरची दिसून राह्यली.’

‘देख,’ खाला भिंतीवरून म्हणाली, ‘मेरे हात का लगा उसको. तू तो बोलती थी जातच ऐसी है.’

मीही तिच्या पोटावरून हात फिरवला आणि बरं म्हटलं.

कापूस तसाच टाकला त्या सकाळी मी तिला चादरीत गुंडाळलं, नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसले आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका गोऱ्ह्याच्या खुरात अडकला होता. हात धुऊन आला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, ‘बाई, मी ढोराचा डॉक्टर. कुत्र्याले पिसाळल्याची सुई देतो. त्याच्या पुढचं मले जास्त येत नाही.’

‘जेवढं येते तेवढं पहा,’ मी म्हटलं.

त्याने बरगडीवर नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. वावरात नेता का, फवारणी कधी केली, हे विचारलं. महिना झाला होता. मग त्याने तिच्या पोटाच्या एका बाजूला बोटाने टिचकी मारली आणि दुसऱ्या बाजूला तळवा धरला. माझा हात घेऊन तिथे ठेवला. आतून लाट येऊन हाताला लागली.

‘हे मांस नाही बाई. पाणी हाय. खाते काय ही?’

मी सांगितलं. भाकर, दूध, कधी अंडं. धाकटीही तेच खाते आणि ती ठणठणीत आहे.

तेव्हा नवरा बोलला. ‘खालाकडं ढेप खाते.’

‘ढेप?’

‘हो. भिजवून. वरून रस्सा.’ कोणी वरणभात म्हणावं तसा तो म्हणाला. त्याने गोठ्यात कितीदा पाहिलं होतं. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. मलाही वाटलं नसतं. सरकीचं तेल काढून उरते ती ढेप. आमच्याकडे जनावर खराब दिसलं, दूध कमी झालं, बैल कामातून उतरला, की पहिलं वाक्य असतं, ढेप वाढवा. गाईला, म्हशीला, बैलाला. हाडं दिसणाऱ्या कुत्रीला बघून आमच्या भागातल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

डॉक्टर स्टुलावर बसला. ‘सरकीत विष असते बाई. म्हशीले ते पचते. वासराले सुद्धा आम्ही जास्त देऊ नका म्हणतो. कुत्र्याच्या हृदयावर जाते. एका दिवसात नाही. महिना, दोन महिने.’

‘यावर औषध?’

‘यावर नाही. ढेप बंद करा. पाणी उतरायच्या गोळ्या देतो.’

परत येताना मोटारसायकलवर मला एकच गोष्ट आठवत होती. बैल विकल्यावर गोठ्यात ढेपेची दोन पोती उरली होती, आणि ती मीच भिंतीवरून खालाला दिली होती, तिच्या म्हशीसाठी.

खालाला सांगायचं वाक्य मी चक्कीपाशी उभी राहून तीनदा तयार केलं. तिच्या दारात गेल्यावर निघालं ते असं: ‘खाला, मोठीले आता काही देऊ नका. डॉक्टरनं उपास सांगितला.’

‘उपास?’ ती म्हणाली. ‘बिमार है वो. बिमार को कोई भूका रखता क्या? तेरा डागदर बैल का है.’

‘तरी देऊ नका.’

‘नहीं देती बाबा. तेरी कुतिया, तेरा हुकूम.’

त्यानंतर मी जे करण्यासारखं होतं ते केलं. गोळी गुळात घालून दिली. अंडं उकडून दिलं, ते तिने वास घेऊन सोडलं. नागपूरच्या एका डॉक्टरचा नंबर मिळवून बूथवरून फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं, तीच गोळी सांगितली आणि मी कुठून बोलते ते विचारलं. यवतमाळ जिल्हा म्हटल्यावर ‘बरं’ म्हणाला. मोठीला आडवं होता येत नसे, दम लागे. ती बसूनच झोपायची आणि झोपेत तोल गेला की दचकून परत बसायची. मी कापसाच्या ढिगात तिला टेकायला खळगा करून दिला. संध्याकाळी खालाच्या गोठ्यात टोपल्याचा आवाज झाला की ती उठायला बघायची, म्हणून तिला दोरी बांधावी लागली. चार वर्षांत मी तिला कधी बांधलं नव्हतं. दोरी कशाची हे तिला कळेना. ती आधी दोरीकडे बघायची, मग माझ्याकडे. मी दळायला निघून जायची.

अकराव्या दिवशी दुपारी ती गेली. चक्की चालू होती. धाकटी पट्ट्याच्या आवाजाला न जुमानता बाहेर येऊन माझ्या पायाशी उभी राहिली, म्हणून मी आत डोकावले. चक्कीत वर अर्धी पायली ज्वारी बाकी होती. मी ती दळली, बाईच्या डब्यात भरून दिली, पट्टा उतरवला आणि मग आत गेले.

नवऱ्याने धुऱ्याला खड्डा खणला. आम्ही वावरातून परत आलो तेव्हा खाला भिंतीपाशी उभी होती, ओढणी तोंडाला लावून. दळणाच्या दोन बाया ओट्यावर थांबलेल्या होत्या.

‘तूने भूका मारा उसको,’ खाला म्हणाली. ‘मेरे इधर खाती थी तो कैसी भर गई थी. सबने देखा. तूने बंद किया और देख, ग्यारा दिन.’

नवऱ्याने तोंड उघडलं. मी त्याचं मनगट धरलं. तो गप्प राहिला; त्या वर्षी ते त्याला जमतच होतं.

‘हव वो,’ ओट्यावरची एक बाई हळूच म्हणाली, ‘भरली तं होती.’

मी दळणाचे डबे आत घेतले.

संध्याकाळी पाचला मी दार उघडं टाकून बसले होते. भिंतीपलीकडून खालाचा आवाज आला: ‘आ गे, तू तो आ. तू काय को भूकी रहती?’ आणि जी धाकटी चार वर्षांत एकटी उंबऱ्याबाहेर गेली नव्हती, ती उठली, नाक वर केलं आणि बहिणीच्या वाटेने चालू लागली. गोठ्याच्या दारात मी तिला गाठलं. खालाच्या हातात टोपलं होतं. मी धाकटीला उचलून घेतलं आणि म्हटलं, ‘आज नको, खाला.’ खालाने टोपलं खाली ठेवलं. तिचे डोळे सुजलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन भाकरी जास्त थापल्या, दुधात कुस्करल्या आणि धाकटीला घेऊन खालाच्या दारात गेले.

‘खाला, आजपासून ही तुमच्याकडंच खाईल. तुमच्याच हातानं. पण खाणं रोज मी आणून देईन. हिले ढेप पचत नाही.’

खालाने वाडगं घेतलं, कपडे सावरले आणि हात लांब करून ते दारात ठेवलं. धाकटी खायला लागली. खाला तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

‘और बडी को?’ ती म्हणाली. ‘उसको पचती थी?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘तिले पचत होती.’