पंतच्या पाठीवरचे शेंगदाणे

दातांच्या दवाखान्यामागे एक चिंचोळी खोली होती. तिथे बसून ती कवळ्या करायची. पुढे डॉक्टर ठसे घेत आणि मागे ही त्यांतून माणसांना पुन्हा चावता येईल असं तोंड घडवी. दवाखान्यात सगळे तिला कवळीबाई म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं. घरात ती आणि थोरली बहीण, दोघीच. ताई नवरा गेल्यावर माहेरी परत आली ती एक पत्र्याची पेटी आणि एक कासव घेऊन. कासवाचं नाव पंत. मान पुढे काढून, कुणाची तरी चूक शोधत असल्यासारखा तो अंगणातल्या आपल्या कुंपणात फिरे, म्हणून.

ताई घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या मुलाने तिला बरी होईपर्यंत आपल्या घरी नेलं. गाडीत बसवताना कळवळत होती, तरी काच खाली करून म्हणाली, "त्याच्या कुंपणावरची जाळी काढू नकोस. मोकळ्या अंगणात काहीतरी येतंच."

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे?"

"तू नाहीस. तो आहे."

जाळीची चौकट लाकडी आणि जड. वर्षानुवर्षं कवळ्या घासून कवळीबाईच्या मनगटाला कळ यायची. दोन-चार दिवस तिने ती इमानदारीत उचलली आणि ठेवली. मग एकदा भिंतीला टेकवली ती तशीच राहिली. एवढं दगडासारखं कवच असलेल्या प्राण्याचं कोण काय वाकडं करणार, असं तिला वाटलं.

अंगणात खारी येत. त्यांना ती शेंगदाणे टाकी. एका सकाळी एक दाणा पंतच्या पाठीवर पडला. खार सरळ पाठीवर चढली आणि दोन्ही हातांत दाणा धरून खाऊ लागली. पंत आपला चालतोच आहे. नवऱ्या मुलाची वरात निघावी तसं ते दृश्य. कवळीबाईला हसू आवरेना. घर ताईवाचून सुनं झालं होतं, बोलायला भिंती. त्या दिवसापासून ती रोज पंतच्या पाठीवर दाणे ठेवू लागली. दवाखान्यातही सांगितलं, "सर, खार कासवाच्या पाठीवर बसून नाश्ता करते हो." डॉक्टर म्हणाले, "घोड्याला पण काहीतरी द्या."

मग दवाखान्यात कामाची गर्दी उसळली. सकाळी ती कशीबशी पंतला पाला टाकून पळे. दाण्यांचं राहूनच गेलं.

आठवडा असाच गेला आणि एका संध्याकाळी तिने पंतला घरात न्यायला उचललं, तर शेपटीकडची कवचाची कड पांढरी, दातेरी झालेली. एके ठिकाणी रक्त वाळलेलं. शेजारी शेजारी दोन बारीक खोबणी, पुन्हा दोन, पुन्हा दोन. तिचा जन्म दातांत गेलेला. "हे वरचे दात," ती सवयीने पुटपुटली आणि मग तिची नजर भिंतीला टेकवलेल्या जाळीकडे गेली. खारींना तिनेच ताट दाखवलं होतं. ताट रिकामं दिसलं, तेव्हा त्यांनी ताटच कुरतडलं.

थोड्या वेळाने रोजच्यासारखा ताईचा फोन. "पंत जेवला का?"

"जेवला."

"आवाज का गं असा?"

"सर्दी झालीय."

खाई त्याला खवखवे म्हणतात. ताईने त्यापुढे काही विचारलं नाही, तरी कवळीबाईला वाटलं, तिला सगळं दिसतंय.

मग तिने जे केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. पंतला पिशवीतून दवाखान्यात नेलं, मागच्या खोलीत कवळीचं ॲक्रिलिक कालवलं, रंग जुळवला आणि तुटकी कड भरून, घासून, चकचकीत केली. इतकं बेमालूम काम तिने कुठल्या माणसाच्या तोंडातही केलं नव्हतं. ताईच्या नजरेलाही सापडणार नाही, असं मनात आलं आणि त्याच क्षणी तिला स्वतःची किळस आली. पण भरलेलं तिने तसंच ठेवलं.

जाळी पुन्हा चढली. पंत मात्र खाईना. मान आत ओढून कोपऱ्यात पडून राही. "जेवला का?" "जेवला." "काय खाल्लं?" "पालक." एक खोटं सांभाळायला दुसरं. मग त्या कडेला वास येऊ लागला. तो वास तिच्या ओळखीचा होता. वरून सुंदर टोपी आणि आत पू, असे किती दात तिने पाहिले होते.

ती पंतला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावली. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"हे कोणी भरलं?"

"मी."

"सफाई आहे हाताला. पण कवच म्हणजे नख नव्हे हो. खाली जिवंत हाड असतं, त्याला दुखतं. घाण आतच कोंडली गेली. सगळं काढावं लागेल. धरा घट्ट."

तिने धरलं. पंतचे मागचे पाय तिच्या तळव्याला ढकलत होते, सोड म्हणून.

पट्टी झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, जखम भरेपर्यंत घरातच ठेवा. पुढे बाहेर काढाल तेव्हा वरून बारीक जाळी, तिला कडी, आणि उरलेलं खाणं लगेच उचलायचं. "खारींना दात झिजवायला काहीही चालतं. एकदा चटक लागली की त्या परत येतातच."

"वाचेल ना?"

"खायला लागला तर."

त्या संध्याकाळी फोन वाजला, तेव्हा ताईला विचारायची संधीच तिने दिली नाही.

"ताई, पंतला खारींनी कुरतडलंय. जखम चिघळलीय."

"जाळी?"

"काढली होती. मनगट दुखत होतं."

इथे थांबली असती तरी निभावलं असतं. दुखऱ्या हाताला ताईने बोल लावला नसता.

"आणि मी त्याच्या पाठीवर शेंगदाणे ठेवत होते. खारींसाठी. गंमत म्हणून."

मग ताईने विचारलं, "आली गंमत?"

"आली."

"आणि मी रोज विचारत होते तेव्हा?"

"खोटं सांगत होते. जखम बुजवून पण टाकली होती, तुला दिसू नये म्हणून."

ताईने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फोन येणार नाही, असंच ती धरून चालली होती. आला.

"जेवला का?"

"नाही. कोबीचं पान हुंगलं आणि तोंड फिरवलं."

"कोबी देतेस होय त्याला, वेडाबाई? काकडी किस. रस ओठांना लाव आणि बाजूला हो."

"बरं. खाल्लं की सांगते."

"सांगू नकोस," ताई म्हणाली. "फोन त्याच्याजवळ ठेव. तो खातो तेव्हा मला आवाज कळतो."

तिने फोन पंतच्या खोक्याशी जमिनीवर ठेवला, काकडीचा रस त्याच्या मिटलेल्या तोंडाला लावला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली.