मुक्या पाण्याचे अकरा दिवस

माझे हात थरथरायला लागले तेव्हा पहिला संशय मी धाकट्या भावावर घेतला. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं ठरवलंय. आम्हा दोघा भावांचं गलाईचं दुकान तमिळनाडूतल्या एका लहान गावात आहे. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं आटवायचं, तेजाबात टाकून त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून द्यायचं. सांगली जिल्ह्यात आमच्या खानापूर-आटपाडी भागातली घरंच्या घरं या धंद्यासाठी मुलूख सोडून गेली, त्यातलाच मी एक. सातवीची परीक्षा झाली आणि मामानं रेल्वेत बसवलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. वितळलेल्या सोन्याची मूस सांडशीत धरून साच्यात ओतायची हे माझं काम. हात हलला की सोनं सांडतं, माणूसही भाजतो. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी सांडशी उचलली आणि माझं मनगट आपोआप लटलट करायला लागलं. कशीबशी ओतली आणि लगेच मनात आलं, धूर बाहेर ओढणारा पंखा भावानं मुद्दाम माझ्याकडं फिरवला असणार, तेजाबाची वाफ माझ्या अंगात जावी म्हणून. भट्टी निवल्यावर मी स्टुलावर चढून पंखा तपासला. तो जागच्या जागी होता. तरी वाटलं, मी बघणार हे ओळखून त्यानं परत सरळ केला असेल.

आमच्या धंद्यात संशयाला कोणी वाईट म्हणत नाही. मामानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, डोळा मिटला की सोनं गेलं. सोन्याचा कण नखात अडकतो, केसात बसतो, चपलेला चिकटतो. म्हणून आम्ही हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकत नाही, पिंपात साठवतो आणि खाली बसलेला गाळ पुन्हा आटवतो. गिऱ्हाईकाकडं बघायचं, गिऱ्हाईकाबरोबर आलेल्या माणसाकडं जास्त बघायचं. जेवताना तोंड ताटाकडं आणि नजर दाराकडं. रोज दुकान उघडताना मी देवाच्या फोटोला हात जोडायचो, पण डोळे मिटून नाही. या सव्वीस वर्षांत झोपेशिवाय दहा मिनिटं डोळे मिटून बसल्याचं मला आठवत नाही. आणि अलीकडं झोपही तशी येत नव्हती.

हात थांबेना तेव्हा गावच्या जत्रेचं निमित्त करून चैत्रात मी घरी आलो. मला हात बरे हवे होते, दुसरं काही नको होतं. मूस धरता आली नाही तर सातवी शिकलेल्या माणसाला चाळिसाव्या वर्षी दुसरं काय येतंय? सांगलीत एका डॉक्टरांनी रक्त, डोकं, छाती, सगळं तपासलं आणि सांगितलं, आजार नाही, मन दमलंय. रोज सकाळी अर्धा तास स्वतःसाठी काढा, मोबाईल लांब ठेवा, शांत बसा, श्वासाकडं लक्ष द्या. मला वाटलं, रोग सापडला नाही की डॉक्टर असंच बोलतात. साताऱ्याला मेहुणीकडं गेलो, तिथं दुसरे डॉक्टर दाखवले, तर तेही अक्षर न् अक्षर तेच बोलले. तेव्हा मी बायकोला म्हणालो, या दोघांनी एकमेकांना फोन केलेला दिसतोय. तिनं मोबाईलवर एक ध्यानाचं अॅप घालून दिलं. त्यात एक बाई हिंदीत हळू आवाजात सांगायची, आता खांदे सैल सोडा. मी खांदे सोडायच्या आधी विचार करायचो, हिला माझे खांदे दिसतायत की काय. दोन दिवसांत ते अॅप काढून टाकलं. शिवाय अर्धा तास स्वतःसाठी काढायचा म्हणजे त्यात करायचं काय, हेच कळत नव्हतं. आमच्याकडं ‘रिकामा बसलाय’ ही शिवी आहे.

शेवटी आईनंच ठरवून टाकलं. म्हणाली, “तुला बसाय जमत न्हाई न्हवं? मग चाल. नाथाला मुकं पानी घाल, अकरा दिस.”

मुकं पाणी ही आमच्या गावाची जुनी रीत. सकाळी अंघोळ करून ओल्या अंगानं विहिरीवर जायचं, घागर भरायची, खांद्यावर घ्यायची आणि टेकडीवरच्या नाथबाबाच्या देवळापर्यंत चालत जाऊन पिंडीवर ओतायची. वाटेत बोलायचं नाही, घागर खाली टेकवायची नाही आणि मागं वळून बघायचं नाही. यातलं एक जरी मोडलं तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. विहिरीपासून देऊळ अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. आता योजनेचं पाणी गावात आलंय, देवळातसुद्धा नळ आहे, पण मुकं पाणी विहिरीचंच लागतं. मी आईला विचारलं, यानं हात कसा बरा होईल. ती म्हणाली, “मी कुटं म्हनलं बरा हुईल? तू घाल तर खरं.” मला वाटलं, बायकोनं आणि डॉक्टरनं मिळून हिलाही पढवलंय. पण आईला नाही म्हणवेना.

पहिल्या दिवशी घागर उचलली तेव्हाच हात इतका कापत होता की खांद्यावर चढवेपर्यंत निम्मं अंग भिजलं. चढ लागला आणि मागं पावलांचा आवाज ऐकू आला. कोणीतरी वीसेक पावलांवरून येत होतं, काठीचा टोक-टोक आवाज होता. मी थांबलो की आवाज थांबायचा. मी चाललो की चालायचा. गलाईवाला गावाकडं आला म्हणजे अंगावर सोनं घेऊन आला, हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक असतं, आणि माझ्या गळ्यात चेन होती. बोलायचं नाही, वळायचं नाही, दोन्ही हात घागरीत गुंतलेले. चोराला याहून सोयीचा माणूस कुठं मिळणार, असं म्हणत मी कसाबसा देवळात पोचलो. पाणी ओतून बाहेर आलो तर मागं कोणी नव्हतं. पिंडीवरचं पाणी पन्हाळीतून बाहेर पडत होतं, त्याखाली मी नकळत दोन्ही हातांची ओंजळ धरली, दुकानातल्या सवयीनं. गुरव हसला. म्हणाला, “आवं गलाईवालं, त्यात सोनं न्हाई. देवाचं हाय, जाऊ द्या.” मी ओंजळ सोडली, पण सोडताना जिवाला लागलं.

दुसऱ्या दिवशी चेन काढून घरी पिठाच्या डब्यात खोलवर ठेवली. मग सगळी वाट मी डब्याचाच विचार करत चाललो, कोण कोण घरात येतं, कोण भाकरीला पीठ काढेल. तरी ती पावलं मागं होतीच. म्हणजे चेन नाही हे त्याला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी चेन घालून गेलो. वाटलं, त्याला काय करायचं ते एकदाचं करू दे. त्यानं काही केलं नाही. चौथ्या दिवशी संशय आणखी पुढं गेला. वाटलं, चोर नाही तर हा भावाचा माणूस असेल, मी गावात काय करतो ते कळवत असेल. हे आज लिहिताना हसू येतं. त्या वेळी अंगाला घाम सुटला होता.

पण माणूस किती वेळ भिणार? पाचव्या दिवशी चढावर दम लागला आणि भ्यायलाही श्वास उरला नाही. नुसता ऐकत राहिलो. डावा पाय, उजवा पाय, काठी. माझ्यापेक्षा त्याची चाल संथ होती, एकसारखी. कधी माझी पावलं त्याच्या पावलांत पडायला लागली ते मला कळलं नाही. तसं चाललं की घागरीतलं पाणी हिंदकळायचं थांबत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटेतली करंजाची झाडं बघितली, जन्मापासून तिथंच आहेत. देवळात पोचलो तेव्हा घागर जवळजवळ भरलेली होती. लगेच मनात आलं, हा मला भुलवतोय.

सातव्या दिवशी शेवटच्या चढावर, जिथं मुरूम सुटलाय, माझा पाय घसरला. एक गुडघा टेकला. खांद्यावरची घागर कलंडली आणि नेमका तेव्हाच हात लटलटायला लागला. हाताला कितीही दाबून धरलं तरी ऐकेना. आता घागर पडणार, सात दिवस वाया जाणार, आणि हात हे असेच राहणार, इतकं स्पष्ट कळलं की डोळे मिटले. खरोखर मिटले, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा जागेपणी. तोंडातून शब्द निघायचा नाही म्हणून मनात म्हणालो, नाथा, माझ्याच्यानं होत नाही, आता तू धर. डोळे उघडले, तर मागून एक हात आला. खरखरीत, काळा, म्हाताऱ्या माणसाचा. घागरीच्या बुडाला लागला आणि तिथंच राहिला. तो उचलत नव्हता, ओढत नव्हता, फक्त खाली होता. मी उठलो, घागर सावरली, आणि तो हात निघून गेला. आम्ही दोघंही बोललो नाही. मी वळलो नाही.

पाणी ओतलं आणि आल्या पावली बाहेर धावलो. दीपमाळेच्या पायरीवर डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडी अशा वेशातला एक म्हातारा धनगर बसला होता. कृष्णाकाठच्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवून माण तालुक्याकडं, दहिवडीच्या अंगाला परत निघालेला. त्याचा कळप विहिरीशेजारच्या मोकळ्या रानात उतरला होता. मी आभार मानायला हवे होते, पण तोंडातून निघालं ते वेगळंच. म्हणालो, “माझ्या मागं का लागलाय?”

तो शांतपणे म्हणाला, “पयल्या दिशी हिरीवर मेंढरं पाजत हुतो. तुमी घागर उचलली, तर हात लय कापत हुता. म्हनलं देवाचं पानी वाटंत सांडाय नगं.”

“मग हाक मारायची की.”

“तुमी मुकं. मी हाक मारली आसती, तुमी मागं बगितलं आसतं, आन् पुन्ना सगळं पयल्यापास्नं.”

खाली बसलो आणि सांगून टाकलं की मी तुम्हाला चोर समजत होतो. त्याला राग आला नाही. उलट मिशीत हसला. “ते कळत हुतं की पावनं. तुमचं कान मागं हुतं. मेंढरू कुत्र्याला भ्यालं की आसंच चालतंय, त्वांड फुडं आन् कान मागं. कुत्रं राखनीला हाय, ते त्याला काय ठावं?”

एवढं बोलून त्यानं गुरवाकडून तीर्थ घेतलं, डोक्याला लावलं आणि उतरायला लागला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. आठव्या दिवशी मागं आवाज नव्हता. विहिरीशेजारचं रान मोकळं होतं, नुसत्या लेंड्या पडलेल्या. उरलेले चार दिवस मी एकटा चाललो. मागं कोणी नाही याची मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. अकराव्या दिवशी पाणी ओतल्यावर पिंडीसमोर डोळे मिटून बसलो. किती वेळ बसलो ते गुरवाला विचारलं नाही.

हातांचं सांगतो, कारण वाचणारा तेच विचारणार. इकडं दुकानावर परत आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात हात स्थिर होता, दुसऱ्यात एकदा पुन्हा थरथरला. पूर्वी मी अशा वेळी कोणावर तरी ओरडायचो, म्हणजे कोणाचं लक्ष हाताकडं जात नसे. या वेळी भावाला म्हणालो, “आज माझ्याच्यानं होत नाही, तू ओत.” तो म्हणाला, “दादा, मी दिवाळीपास्नं बघतोय तुजा हात. इचारलं तर माज्यावरच उखडशील म्हनून गप होतो.” त्या दिवशी त्यानं ओतलं आणि मी भट्टीकडं पाठ करून बसलो. संध्याकाळी त्याला पंख्याची गोष्टही सांगितली. तो पोट धरून हसला आणि दोघांसाठी चहा घेऊन आला. आता आठवड्यातले तीन दिवस तो ओततो, बाकीचे दिवस मी. तेवढं माझ्या हातांना झेपतं. रोज सकाळी दुकान तोच उघडतो. त्या अर्ध्या तासात मी मागच्या खोलीत मोबाईल न घेता, न बोलता बसतो. देवाला वेळ द्यायचा म्हणून बसतो, तर माझीच काळजी घेतली जाते, असं होतं. संशय येतोच, बसल्याबसल्या येतो. पुढं भाऊ काय करतोय, कोण आलंय, काटा नीट आहे का. मी उठून बघायला जात नाही, एवढंच.

गावात फोन करून त्या म्हाताऱ्याची चौकशी मी केली होती. आई म्हणाली, माणकडचे कळप दरवर्षी येतात, त्यातलाच कोणी असेल. गुरव म्हणाला, मेंढरं बघितली, पण तीर्थ दिलेला असा माणूस काही आठवत नाही. मामाच्या तालमीतला मी, दुसरा कोणता प्रसंग असता तर दहिवडीपर्यंत माणूस पाठवून शोध घेतला असता. पण मी पुन्हा फोन केला नाही. आमच्याकडं आलेली कोणतीही वस्तू आम्ही आधी कसोटीच्या दगडावर घासतो, मग तिला सोनं म्हणतो, आणि घासलं की थोडं तरी झिजतंच. त्या हाताची ही एक गोष्ट मी न घासता ठेवून घेतली आहे. ज्यानं दिली त्याला ती खरी आहे हे माहीत असणार, आणि मला तेवढं पुरतं.