‘माय बॅड’ने बुडवलेलं भांडण

मंडळी, आज वरच्या मजल्यावरच्या मुलीने बाल्कनी धुतली आणि सगळं गढूळ पाणी माझ्या वाळत घातलेल्या चादरीवर.

खरं सांगू? मी खूश झाले. जिना चढता चढता चांगली झणझणीत वाक्यं जुळवली. मानपाड्यात राहायला आल्यापासून कुणाशी इतकं बोलायचा योगच आला नव्हता.

तिने दार उघडलं, माझ्या हातातली चादर पाहिली. “ओह काकू, माय बॅड!” गोड हसली. दार बंद.

संपलं? अगं, निदान “मी नाही सांडलं” म्हण! मी आवाज चढवेन, तू चढव, मग दमून म्हण, “आत तरी या, काकू.”

आज दिवसभरात माणसाशी झालेलं माझं संभाषण एवढंच. त्यातही मी बोललेच नाही.

तुमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणी सावकाश भांडतं का हो?