साडेपाच फूट

काचेचा केसाएवढा धागा जमिनीत टिकवायचा तर त्याला किती अंगरखे चढवावे लागतात, हे मी कुणालाही तासभर सांगू शकतो. रंगीत धाग्यांभोवती चिकट जेल, मग नळी, मग पोलादी पत्रा, मग काळं जाड आवरण. ती केबल पुन्हा प्लास्टिकच्या पाइपात, पाइप नालीत आणि नालीत अर्ध्यावर एक रंगीत पट्टी, म्हणजे खणणाऱ्याला आधी ती दिसावी आणि त्याने हात आवरावा. पण खरी राखण करते ती खोली. साडेपाच फूट. बाकीचा सगळा साज. हे मला पाठ होतं, म्हणून तर पुढचं सांगायची लाज वाटते.

आलापल्लीच्या पुढे एका तलावाकाठच्या गावात इंटरनेटची केबल टाकायचं आमचं काम चालू होतं. मी ठेकेदाराचा सुपरवायझर. तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधाजवळ, दीड फुटावरच खडक लागला आणि मशीनचा दात मोडला. अशा जागी कमी खोली चालते, पण मग पाइपावर काँक्रीट ओतायचं, असा नियम. सिमेंट आणायला गाडी पाठवली असती तर एक दिवस गेला असता. मी घुग्घुसचा. सिमेंटच्या धुळीत लहानाचा मोठा झालो आणि चार पोती सिमेंटचा कंटाळा केला!

पाळीवर एक म्हातारे भाऊ जाळं विणत बसायचे. गावातली काही घरं मिळून त्या तलावात मासे धरत, त्यातले हे एक. मशीन थांबलेली बघून ते उठून आले.

"साहेब, हा आमचा पाट हाये. याच्यातूनच तलावात पाणी येते. दरसाली पावसाआधी आमी इथी गाळ काढतो. तुमची तार खाली घाला, नाई त कुदळ लागन."

"खालीच टाकून राह्यलो, भाऊ. काऊन चिंता करता?" मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. विश्वास ठेवला, दुसरं काय! मी पाइप दीड फुटावर दाबला. पट्टी टाकायला वर जागाच उरली नव्हती. खोलीचा फोटो लागतो, तो वीस पावलांवरच्या चांगल्या खड्ड्यात मोजायची टेप सोडून काढला. फोटोत जागेचे आकडे उमटतात, पण वीस पावलांचा फरक वर बसलेल्या कुणाला कळत नाही. ही युक्ती आमच्या धंद्यात सगळ्यांना येते. मी तिचा शोध लावला नाही, एवढीच माझी फुशारकी.

पुढच्या वर्षी पावसाआधी केबल तुटली. रेशनची मशीन बंद, ग्रामपंचायतीचं नेट बंद, आणि कॉलेजच्या फॉर्मची मुदत अगदी तोंडावर. गाव चिडलं होतं. दुरुस्तीला मलाच पाठवलं. जाऊन बघतो तर त्याच पाटात, गुडघ्याएवढ्या खोलीवर, कुदळीचा एक घाव. भाऊ शेजारीच उभे होते.

"सांगतलो होतो ना, साहेब," ते हळूच म्हणाले.

जॉइंट करायला मोठा खड्डा लागतो, हे खरं. पण कंपनीचा इंजिनिअर यायच्या आत मी ब्रेकर लावून तो खडक फोडून घेतला आणि खड्डा माणूसभर खोल करून तुटकी टोकं तळाशी सोडली, हेही खरं. इंजिनिअरने कागद पाहिला: साडेपाच फूट. खड्डा पाहिला: साडेपाच फूट. मग भाऊंकडे पाहिलं. गाळ काढणारा माणूस एवढा खोल कशाला जाईल? तांब्यासाठीच गेला असणार. काचेच्या तारेत तांबं नसतं, पण ते या म्हाताऱ्याला कुठे ठाऊक, असा त्याचा हिशेब.

"मी त ढोपरभरच खोदलो, साहेब. यायले विचारा," भाऊंनी माझ्याकडे बोट केलं.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी वाकून केबलचं टोक सोलत राहिलो. मला ऐकूच आलं नाही, असं दाखवलं. त्या दिवशी मी धागे इतके सुरेख जोडले की इंजिनिअरने माझी पाठ थोपटली.

पोलिसात कुणी गेलं नाही. पण मासे धरणाऱ्यांनी बैठक घेऊन भाऊंना तलावाच्या वाट्यातून काढलं. त्यांच्या घराला 'तारचोराचं घर' म्हणू लागले. हे मला आमच्याच एका मजुराने सांगितलं, हसत हसत. मीही हसलो. त्या हसण्याची शिसारी अजून गेलेली नाही.

तीन वर्षांनी त्या बाजूला काम निघालं, तेव्हा मी मुद्दाम गेलो. भाऊ अंगणात होते. जाळं घराच्या आढ्याला गुंडाळून ठेवलेलं, वर धूळ. मी बसलो आणि सगळं ओकून टाकलं. दीड फूट, फोटो, नंतर खणलेला खड्डा. खरं सांगतो, मनात कुठेतरी वाटत होतं की आता हे रागावतील नाहीतर माफ तरी करतील, आणि मी मोकळा होईन.

त्यांनी मला पाणी दिलं. मग म्हणाले, "मले सांगून काय फायदा, साहेब? मले त माहीतच हाये. गावाले सांगा. चला, सारेजण पाळीवरच हायेत, आजच मासोळी वाटून राह्यले."

ते उठलेसुद्धा. खांद्यावर दुपट्टा टाकून दारात उभे राहिले. पाळीवरच्या माणसांचा आवाज अंगणात येत होता. मी घड्याळ बघितलं. आलापल्लीला गाडी थांबली आहे म्हणालो, पुढच्या खेपेला नक्की, म्हणालो. भाऊंनी दुपट्टा काढून खुंटीला अडकवला आणि ते परत खाली बसले.

ती खेप मी अजून केलेली नाही. आज हे लिहिलं, तेही तुम्हालाच सांगितलं, गावाला नाही.