लष्करी डुक्कर

हिव असं पडलं होतं की अंगणातल्या चिखलाचे दगड झाले होते. गुनिल्ड म्हातारी कोपरापर्यंत हात मिठात घालून थंडीला शिव्या देत होती. तिच्या पुढ्यात फळीवर डुकराची अख्खी एक बाजू आडवी पसरलेली, चरबी चांगली चार बोटं जाड. मी घोड्याला पाणी दाखवून येत होतो. ती बाजू बघितली आणि हातातली बादली खालीच ठेवली.

"म्हातारे, हे कुठलं डुक्कर?"

"बाईसायबांनी निवडलं."

"आन् लष्करी कुठंय?"

तिनं मानेनं दाखवलं. लष्करी डुक्कर कुंपणाला अंग घासत उभं होतं, नुसती बरगड्यांची पेटी.

आमच्या थॉर्नहोपची जमीन हॅमो सरदाराच्या पणज्याला कुण्या जुन्या राजानं एका अटीवर दिली होती. वेल्सवर स्वारी निघाली की सरदारानं घोडा, तलवार आणि खारवलेल्या डुकराची एक बाजू घेऊन हजर व्हायचं. ते मांस संपलं की चाकरी संपली, घरी यायचं. विकायचं नाही, फेकायचं नाही, आपल्याच चुलीवर शिजवून खाल्लं पाहिजे. म्हणून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एक डुक्कर मुद्दाम उपाशी वाढवतात. दुसऱ्या गावचे हसतात. हसू देत.

सरदाराची बायको माबेल बाई दक्षिणेकडची, लग्नाला वर्षही नव्हतं झालेलं. यंदा स्वारीचं बोलावणं आलं, पण तिला हे कोण सांगणार? आम्हाला वाटलं सरदार सांगेल, सरदाराला वाटलं म्हातारी सांगेल. आणि दुपारी राजाचा अंमलदार आला, त्यानं मांसाच्या कातडीवर तापलेल्या लोखंडाचा ठसा मारला. आता बदलायची सोय नाही.

कळलं तेव्हा बाई मिठाच्या पिंपावरच बसली. "मला वाटलं, माझा माणूस उपाशी राहायला नको."

"अगं, माझ्या आईनं मला उपाशी पाठवलं म्हणून तर जिवंत परत आलो," हॅमो म्हणाला आणि हसला. पण बाहेर आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ओस्बर्न, तिचे दिवस मोठ्या उपासात भरतात."

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तरुणपणी तो समुद्रापलीकडे दुसऱ्या सरदाराच्या लढाईला गेला होता. अर्धा कान तिथं ठेवून परत आला, तर पहिली बायको आणि तान्हं दोघंही मातीत. तेव्हापासून लढाईचं नाव निघालं की हा माणूस कुंपणं ठोकत सुटायचा. मोठा उपास लागला की ईस्टरपर्यंत चाळीस दिवस मांसाला शिवता येत नाही. त्याआधी ही बाजू संपली नाही, तर बाळंतपण होऊन जाईल आणि हा छावणीतच बसलेला असेल.

नाताळ झाल्यावर निघालो. वेल्सच्या डोंगराखाली छावणी, वर शत्रूची गढी, मध्ये पाऊस. आम्ही दोघं सकाळ-संध्याकाळ खात होतो. घोटभर पाणी, परत एक काप. छावणीचा मुख्य होता रेनॉल्ड. डोंगरातल्या वाटा आणि नदीचे उतार हॅमोइतके कुणाला ठाऊक नव्हते, त्यामुळे त्याला हा माणूस सोडायचा नव्हता. आम्ही आजूबाजूच्या शिपायांना पंगतीला बसवायला लागलो, तसा त्यानं हुकूमच काढला, हॅमोच्या चुलीवर कुणी जेवायचं नाही.

"खा की निवांत," रेनॉल्ड मुद्दाम येऊन म्हणाला, "ईस्टरला मी येतो सोबतीला."

त्या रात्री हॅमोनं घासही खाल्ला नाही.

उपासाआधीचा सोमवार उजाडला, बुधवारपासून उपास. त्या दिवशी आमच्यात घराघरांत मांसाचे काप तळतात, उरलंसुरलं संपवतात. पण रसदीच्या गाड्या पुरात अडकलेल्या. छावणीत होती ती उपासासाठी आणलेल्या खाऱ्या माशांची पिंपं. हॅमोनं तवा ठेवला आणि जाड जाड काप टाकले. चरबी तडतडायला लागली. शिपाई लांब गोल करून उभे राहिले, कुत्र्यांसारखे. शेवटी रेनॉल्डच आला.

"हॅमो, एक काप."

"हुकूम आहे, साहेब. माझ्या चुलीवर कुणी जेवायचं नाही."

"अरे, हुकूम माझाच आहे!"

"म्हणून तर भीती वाटते."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. रेनॉल्डचे कान लाल झाले. त्यानं तव्याकडे बघितलं, माशांच्या पिंपांकडे बघितलं. आज-उद्या मांस नाही तर थेट ईस्टरला.

"मोडला हुकूम. सरक तिकडं."

तो बसला तशी सगळी छावणीच बसली. मी कापत होतो, हॅमो तळत होता. मंगळवारी संध्याकाळी ठशाचं कातडं तेवढं उरलं. ते हॅमोनं रेनॉल्डपुढे धरलं.

"फसवलंस मला," तो हनुवटीवरची चरबी पुसत म्हणाला.

"मी कुठं? जेवलात तुम्ही." मग हॅमो हळूच म्हणाला, "बायकोचे दिवस भरत आलेत, साहेब."

रेनॉल्डनं कातड्यावरचा ठसा बघितला. "मग हे आधी बोलायला तुझी जीभ झडली होती का? जा, उजाडायच्या आत नीघ."

माबेल बाईला उपासाच्या मध्यावर कळा लागल्या. दिवसभर चाललं. हॅमो दाराबाहेर घोड्याचं जीन शिवत बसला, चामड्यापेक्षा बोटंच जास्त टोचून घेतली. ऊन कलल्यावर गुनिल्ड बाहेर आली.

"पोरगी झाली. आई धडधाकट हाय, मला शिव्या देतीय. जावा आत."

तो आत गेला, बऱ्याच वेळानं आला, हौदावर तोंड धुतलं, परत धुतलं. मी दुसरीकडे बघितलं. तेवढ्यात लष्करी डुकरानं कुंपणाची फळी पाडली आणि ते थेट पेंडीच्या पोत्याकडे निघालं.

"ओस्बर्न, हातोडी आण!"

आतून माबेल बाईचा आवाज आला, दमलेला पण खणखणीत. "त्याला खाऊ देऊ नका हो!"

हॅमोनं डुक्कर कानाला धरून आत ढकललं, दोन खिळे ओठांत धरले आणि फळी लावायला बसला.