वन्संच्या ताब्यातली बरणी

बाळांनो, तुम्ही कोरियाहून पाठवलेली बरणी शोकेसमध्ये का दिसत नाही, असं धाकटी व्हिडिओ कॉलवर विचारते आणि दर वेळी मी फोन पंख्याकडे वळवते. आता सुट्टीत तुम्ही येणार आणि ती आधी शोकेसकडेच धावणार. संग्रहालयाच्या दुकानातली नक्कल असली तरी निवड तिची आहे. तेव्हा झालेला प्रकार क्रमानं सांगते.

बरणी वळसंगला आहे, आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे. वन्सं आपल्याकडे आल्या तेव्हा मी तिच्यावरचा निळा ड्रॅगन पुसत होते.

"वैनी, ही चिनी बरणी कवा आणली?"

"चिनी नाही वन्सं, कोरियन."

"माती कसली?"

"चिनी माती."

"मग मी काय म्हनलं?"

इथं माझं कॉलेजचं शिक्षण संपलं. तरी नेटानं सांगितलं, की पूर्वी कोरियात हा निळा रंग चीनमार्गे यायचा आणि फार दुर्मीळ होता. राजवाड्यातले चित्रकार भट्टीवर जाऊन तो जपून वापरायचे, म्हणून ड्रॅगनभोवती एवढी पांढरी जागा मोकळी.

वन्संनी ड्रॅगन निरखला. "पाल लई मोठी काढली की! शेंगाची चटनी ऱ्हाईल हिच्यात."

वन्संना नाही म्हणायची आपल्या घरात पद्धत नाही. आजोबा तर बरणी घेऊन रिक्षापर्यंत पोचवायला गेले.

परत कशी मागायची, या विचारात मी कोरियन बरण्यांचा सगळा इतिहास वाचून काढला आणि उपाय सापडला. मोठी पिशवी घेऊन आम्ही दोघं वळसंगला गेलो. पानात भाकरी आणि त्याच बरणीतली चटणी.

"वन्सं," मी म्हटलं, "तिकडे राजाच्या घरी बाळ जन्मलं की त्याची नाळ-वार बरणीत घालून डोंगरावर पुरायचे."

त्या बरण्या बहुधा कोऱ्या पांढऱ्या असत. पण एका पालीचा फरक वन्संना कशाला सांगत बसायचा?

आजोबांनी तोंडाशी नेलेला घास ताटात ठेवला. वन्सं मात्र विचारात पडल्या.

"राजाच्या पोराची वार?"

"हो."

"धुऊन?"

"पुन्हा पुन्हा धुऊन."

वन्संनी चटणी परातीत उपसली. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं. त्यांनी बरणी उचलली, आतल्या खोलीकडे वळल्या आणि हाक मारली, "ए सूनबाई, भाईर ये! तुझ्यासाटी राजवाड्यातली बरनी घावली!"

सुनेला आठवा महिना लागलाय.

"अहो वन्सं, पण ती धाकटीनं हौसेनं निवडलेली..."

"व्हय? मग तिच्याच हातनं पुरू की! सुट्टीत येनार हाय न्हवं?"

माझ्या उघड्या पिशवीत त्यांनी परातीतली चटणी ओतली.

तर धाकटीला नीट समजावून सांगा. बरणी शोकेसमध्ये नसेल, पण पुरायचा मान तिचा आहे. येताना खुरपं आणू नका, वन्संकडे आहे.