बाबांच्या मोबाइलमधला गहू

आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर कुणी काही लिहिलेलं नाही. आजार कशाला म्हणावं, यावर मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. माफ करा, पण प्रसंग आमच्याच घरात घडला.

डहाणूला कॉलेजात येताना मी माझा जुना मोबाइल सायवनला बाबांकडे ठेवला. त्यात शेतीचा एक गेम होता. बाबा त्यात गहू पिकवू लागले. इकडे भाताची रोपं लावणीवाचून पिवळी पडत होती. आईने हाक मारली की ओटीवरून म्हणायचे, "थांब, कापणी आलीय."

आमच्या पाड्यात घरचा कर्ता आजारी पडला की सगळे येऊन त्याची लावणी करून देतात. आळशाकडे कुणी फिरकत नाही. म्हणून हा आजार की आळस, ते ठरवायला आईने पाड्यातल्या वयस्कर काकांना बोलावलं. मीही रविवारचा घरी होतो.

काकांनी बाबांच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही. जेवतो का?"

"जेवतात. एका हाताने," आई म्हणाली.

"मग आजार कसला? मजा चाललीय त्याची."

"मजा असती तर हसले असते. तोंड बघा त्यांचं."

काकांनी बाबांची हनुवटी वर करून तोंड बघितलं.

मी डहाणूत एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हा आजार मानतात आता. पण कामधंदा, घर, सगळं बरेच महिने सुटलेलं असेल तरच. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

मी काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर महिने मोजणार, तोवर रोपं मरतील. आम्ही आजारी धरतो."

लावणीच्या दिवशी माझी परीक्षा होती. संध्याकाळी शेवटी आईचा फोन आला.

"सगळे आले. ह्यांना बांधावर खाटेवर निजवलं, वर पावसाला इरलं धरलं, पेज पाजली. मोबाइल हातातच. मग ह्यांना दिसलं, लोक रोपं दाटीने लावतायत. दोनदा सांगितलं, पण आजारी माणसाचं कोण ऐकतं? शेवटी मोबाइल टाकला नि चिखलात उतरले."

"मग चांगलंच झालं की."

"कसलं चांगलं? काका म्हणाले, बरा झाला, चला घरी. सगळे गेले. अर्धं खाचर तसंच पडलंय."

"आणि बाबा?"

"अजून चिखलातच आहेत, एकटेच लावतायत. तू उद्या पहिल्या एसटीने ये."